आप्पांची तपकिरी टाकी

खाऱ्या पाण्याची टाकी घरात ठेवली की तिच्या काठावर मीठ साचतं. आज पुसा, चार दिवसांनी पुन्हा पांढरी कड हजर! आमच्या किस्स्यांचंही तसंच आहे. आम्ही चौघं जमलो की एकजण काहीतरी सांगतो, दुसरा "ते सोडा, माझं ऐका" म्हणून त्यावर चढवतो, आणि उठेपर्यंत चांगला थर बसलेला असतो. बाहेरच्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझा नवरा तर तोंडावर विचारतो, "तुम्ही लोक माशांबद्दल बोलताय की आयसीयूतल्या पेशंटबद्दल?"

मी म्हणते, फरक काय आहे?

आज सांगते ते सगळे किस्से एका वर्षातले. त्या वर्षी आप्पांची टाकी मरायला लागली होती, आणि टाकीच्या मागोमाग आप्पांची मिलमधली खुर्चीही जायच्या बेतात होती. खुर्चीचं आम्हाला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे हसताना जरा जपून हसाल.

आमचं मंडळ छोटंसंच. मी बँकेत, मूळची नाशिकची, सूरतला येऊन बारा वर्षं झाली. देशमुख सर केमिस्ट्रीचे निवृत्त शिक्षक. जिग्नेशभाई महिधरपुऱ्याच्या हिरा बाजारातले दलाल. आणि आप्पा पाटील अमळनेरकडचे, राहायला सूरतच्या उधना भागात, नोकरीला जवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्टर. चौघांच्या घरी समुद्र. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'खारं पाणी'.

*

आप्पा पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मी हॉलला नवे पडदे लावले होते. चहा येईपर्यंत ते टाकीकडे कमी आणि पडद्यांकडे जास्त बघत होते. मला वाटलं, आवडले वाटतं!

"मॅडम, डावीकडचे दोन नंतर घेतले का?"

मी गार! दुकानात कापड कमी पडलं होतं. दोन पडद्यांचं कापड मी आठवड्यानं आणलं होतं, त्याच रंगाचं, त्याच नंबरचं. घरात कुणालाही फरक दिसला नव्हता. मला स्वतःला दिसला नव्हता.

"लॉट वेगळा आहे," आप्पा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

त्या दिवसापासून मला ते दोन पडदे वेगळे दिसतात. रोज सकाळी उघडताना आप्पांच्या नावानं बोटं मोडते.

मिलमध्ये त्यांचं काम हेच. पार्टीनं पाठवलेल्या नमुन्याशी रंगवलेलं कापड जुळतं की नाही, ते आप्पा ठरवणार. "पण आता रंग मोजायची मशीन असते ना?" मी विचारलं होतं.

"असते ना. मशीन आकडा सांगते. सही मी करतो."

*

नारळी पौर्णिमेला सासूबाई आमच्याकडे होत्या. मी बँकेत. अकराच्या सुमाराला त्यांचा फोन आला, आवाज एकदम प्रसन्न.

"अगं, तुझ्या समुद्राची पूजा केली हो. नारळ काही मावेना टाकीत, म्हणून पैसा सोडला. देवघरातला. तांब्याचा."

मला दरदरून घाम फुटला. तांब्याच्या भांड्यातलं पाणी माणसाला भलं, पण कोरलला, झिंग्यांना, गोगलगायींना तांबं म्हणजे विष! मी ग्रुपवर एकच शब्द टाकला, "तांबं!!!" आणि मॅनेजरला अर्धी रजा सांगून पळाले.

घरी पोचते तर देशमुख सर पाण्यातलं विष शोषणाऱ्या कोळशाच्या पुड्या घेऊन दारात उभे. पाठोपाठ सचिनहून मोटरसायकल मारत आप्पा आले. सरांनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं.

"हात दाखवा!"

आप्पांनी शाळेतल्या पोरासारखे हात पुढे केले. नखं निळी, दोन बोटं राणी कलरची. "तुम्ही टाकीला शिवायचं नाही," सर म्हणाले. आप्पा निमूट हात मागे बांधून उभे राहिले.

सरांनी कोपरापर्यंत हात घातला. वाळू चाचपली, दगडाखाली चाचपलं. पैसा काही लागेना. मी रडकुंडीला आलेली, सासूबाई स्तोत्र म्हणतायत, आणि माझा लाडका झिंगा एका बाजूला कलंडायला लागलेला!

"सर, थांबा," आप्पा सहा फुटांवरून म्हणाले. "डावीकडच्या दगडाची फट. बाकी सगळ्या सावल्या निळ्या आहेत. तिथली लालसर आहे."

सरांनी फटीत दोन बोटं घातली आणि पैसा बाहेर काढला.

मग निम्मं पाणी बदललं, कोळसा लावला. झिंगा दोन दिवस दगडामागे दडून बसला, तिसऱ्या दिवशी बाहेर आला तेव्हा मी ऑफिसला पेढे नेले. सासूबाईंचं मात्र त्याच दिवशी समाधान झालं होतं. पैसा पदराला पुसत म्हणाल्या, "सापडला बाई! माझ्या आजेसासूबाईंचा आहे तो."

*

दिवाळी झाली आणि ग्रुपवर आप्पांचा मेसेज आला, "टाकी तपकिरी होतेय. सर, या."

कोरल तपकिरी पडलं की आमच्यात दोनच निदानं. एक तर पाणी घाण, नाही तर लाईट कमी. रविवारी आम्ही तिघं उधन्याला गेलो. आप्पांची टाकी म्हणजे आमच्या मंडळाची शान. साडेचार फुटी, आणि तिच्यात हिरवी, जांभळी, केशरी कोरलं दाटीवाटीनं. मला तरी ती त्या दिवशी ठीकच दिसली. थोडी मंद असेल. पण आप्पा म्हणतायत तपकिरी, म्हणजे तपकिरी!

सरांनी पाणी तपासायची पेटी उघडली. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाच मिनिटांनी पाण्याला रंग चढतो. तो रंग कार्डावरच्या चौकोनांशी जुळवायचा. जेवढा गडद, तेवढं पाणी घाण.

आप्पांनी नळी कार्डाला लावली. "पंचवीस."

सरांनी चष्मा वर केला. "पाच आहे, आप्पा."

"पंचवीस."

"अहो, नीट बघा, पाच..."

आप्पांनी नळी खाली ठेवली. "सर, तुम्ही मला रंग शिकवता?"

सरांनी आयुष्यभर पोरांचे कान पिळले, कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. पण ते खाली बघत म्हणाले, "नाही बुवा."

मलाही ती नळी पाचच वाटत होती. पण मी कोण सांगणार? जिला स्वतःच्या घरचे पडदे ओळखता येत नाहीत, ती बाई! तर पंचवीस ठरलं. माशांचं खाणं निम्मं केलं, लाईट वाढवली. चार जाणत्या माणसांनी एकमतानं.

*

महिन्याभरात लाईट दोनदा वाढली. तरी तपकिरीच. मग "लाईट थकली" असं आप्पांनी जाहीर केलं आणि नवी आणली, आधीपेक्षा जास्त निळी. कोरलला निळा उजेड लागतो हे खरं, पण किती? अळणी आमटीत मीठ घालावं तसे ते लाईटचे टक्के वाढवत होते.

फोटो काढायचं काम माझ्याकडे. मी मोबाईल लावला, निळं कमी करायचं सेटिंग निवडलं, आणि फोटो मोठा करून बघितला. जांभळं कोरल भातासारखं पांढरं! कोरलच्या अंगात एक शेवाळ असतं, त्याचाच त्याला रंग आणि त्याचंच त्याला जेवण. उजेड असह्य झाला की कोरल ते बाहेर टाकतं. मग पांढरं पडतं, आणि मग उपाशी मरतं.

मी फोटो दाखवला. आप्पांनी बघितला, टाकीकडे बघितलं, पुन्हा फोटो बघितला.

"मॅडम, तुमचा मोबाईल खोटं बोलतो."

मी सेटिंग बदललं, पुन्हा काढला. खोटं! जिग्नेशभाईंनी त्यांच्या मोबाईलला रबरबँडनं हिरे बघायचं भिंग बांधलं आणि जवळून काढला. खोटं! "दोन्ही मोबाईल एकाच कंपनीचे आहेत का?" आप्पांनी शांतपणे विचारलं.

शेवटी मी फोटो छापून घ्यायचा ठरवला. आप्पांना घेऊन स्टुडिओत गेले. त्यांनी प्रिंट दुकानाच्या दारात उजेडाला धरली.

"कागद पिवळा आहे."

स्टुडिओवाल्यानं दुसरं पाकीट फोडलं. पिवळा. तिसरं फोडलं. पिवळा! तो बिचारा माझ्या कानाशी आला. "बेन, काका कोण छे?"

"मिलमध्ये कलर मास्टर आहेत. पंचवीस वर्षं."

त्यानं तिन्ही पाकिटं उचलली, एका बाजूला ठेवली आणि त्यांवर पेनानं लिहिलं, 'खराब माल, परत करवो.'

आणि मी? मी मान डोलावली! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

*

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, अख्खं सूरत पतंग घेऊन गच्चीवर असतं. त्या दिवशी उधन्यात कुठल्याशा तारेवर मांजा अडकला आणि सकाळी अकराला वीज गेली. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की पाण्यातली हवा संपते, आणि मासे वर येऊन तोंडं वासायला लागतात. आप्पा जनरेटर शोधायला बाहेर पडले होते. मी बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप घेऊन रिक्षानं निघाले. रस्ताभर पतंगांमागे धावणारी माणसं, रिक्षा पावलापावलानं पुढे, आणि मी आत बसून मिनिटं मोजतेय.

दार उघडंच होतं. आप्पांच्या बायको कमलवहिनी स्टुलावर उभ्या. एका हातात तपेली. टाकीतलं पाणी घ्यायचं, हात उंच करून वरून धार सोडायची. पुन्हा घ्यायचं. दीड तास त्या एकट्या हेच करत होत्या. गच्च्यांवरून "काप्यो छे!" चा गलका चालू, आणि इथे फक्त धारेचा आवाज.

"ताई, मना हात गयात," त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "पन मासा जित्ता शेतस."

मी पंप लावला, त्यांना खाली उतरवलं. पाणी द्यायला आत जाताना बघितलं तर पलंगावर कापडाचे तळहाताएवढे तुकडे जोडीजोडीनं मांडलेले, आणि प्रत्येक जोडीला टाचणीनं चिठ्ठी, 'व्हय' नाही तर 'नही'. वहिनी घरी बसून साड्यांना लेस लावायचं काम घेतात, मला वाटलं त्यातलंच काही असेल. पण त्या लगबगीनं आल्या आणि तुकड्यांवर चादर ओढली.

तेवढ्यात वीज आली. टाकीची लाईट भक्कन लागली आणि मी डोळ्यांवर हात घेतला. पंच्याण्णव टक्के!

"ताई, एक इचारू?" वहिनी माझ्याजवळ सरकल्या. "हाई कोरल तुमले कसं दिखस?"

"पांढरं," मी म्हटलं.

"माले बी."

एवढंच बोलून त्या चहा ठेवायला गेल्या. त्या मला काय विचारत होत्या ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मला वाटलं, बाई साधी आहे, नवऱ्याची टाकी बघून घाबरलीय.

*

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. जिग्नेशभाईंनी एक नारिंगी काच मागवली. टाकीच्या निळ्या उजेडात फोटो निळाभोर येतो. कॅमेऱ्यापुढे ही काच धरली की निळं गाळलं जातं आणि कोरलचे खरे रंग उठून दिसतात. रविवारी आप्पांकडे तिचं उद्घाटन!

काच हातोहात फिरली. उरलंसुरलं रंगीत कोरल नुसत्या डोळ्यांनी बघायचं, मग काचेतून बघायचं. सर म्हणाले, "वा!" मी म्हटलं, "अगंबाई!" आप्पांनी काच डोळ्याला लावली, काढली, लावली, काढली.

"फरक काय आहे?"

आम्ही हसलो. सर म्हणाले, "आप्पांच्या डोळ्यात कंपनीनंच काच बसवून दिलीय!" अजून हसलो. जिग्नेशभाई हसले नाहीत.

त्यांनी टीपॉय पुसला. उठून पंखा बंद केला. मग बनियनच्या आतल्या खिशातून कागदाचं पडीकं काढलं. हिरे असतात त्या घडीला सूरतमध्ये पडीकं म्हणतात. पांढऱ्या कागदावर सात बारीक हिरे.

"आप्पा, जरा जुओ ने. यामध्ये पिवळे केटला?"

मागच्याच वर्षी आप्पांनी महिधरपुऱ्याच्या रस्त्यावर उभ्या उभ्या, भिंगाशिवाय, अशाच सातातून दोन पिवळट हिरे वेगळे काढून दाखवले होते. जिग्नेशभाईंनी ती गोष्ट अर्ध्या बाजाराला सांगितली होती.

आप्पा वाकले. चिमट्यानं एक हिरा उचलला, डावीकडे ठेवला. दुसरा उचलला, डावीकडे. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. तिसरा डावीकडे. चौथा डावीकडे. सातवा डावीकडे ठेवून आप्पा सरळ झाले.

"सगळे पिवळे आहेत, जिग्नेशभाई. तुम्हाला कुणीतरी फसवलं."

जिग्नेशभाईंनी पडीकं हळूच बंद केलं.

"साते सात सफेद छे, आप्पा."

*

सरांनी चष्मा काढून हातात घेतला. म्हणाले, "आप्पा, मोतीबिंदू आहे हा. मला झाला होता तेव्हा मलाही पांढरा सदरा पिवळा दिसायचा."

"मग सर, तुम्ही आधी का नाही बोललात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"त्यांच्या डोळ्यावर शंका घ्यायची? कुणी?" सर म्हणाले.

पण बँकेतली बाई मी, डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. "आप्पा, मग मिलमध्ये रंग कोण पास करतंय?"

वहिनींनी ट्रे खाली ठेवला.

"मी."

चार महिने! आप्पा संध्याकाळी तुकडे खिशात घालून आणायचे. सकाळच्या उन्हात गच्चीवर वहिनी ते बघायच्या आणि सांगायच्या, जुळतं की नाही. मिलमध्ये जाऊन आप्पा सही करायचे. "वीस वरीस लेस लावी मी, ताई," वहिनी म्हणाल्या. "धागाना रंग चुकना तर साडी परत येस. एक बी लॉट परत नही उना त्यास्ना." सांगताना ताठ उभ्या होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"बाहेर बोलू नका," आप्पा म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण हात जोडले हो त्यांनी! "उद्या मिलमध्ये कळलं तर परवा त्या खुर्चीत दुसरा बसेल."

"अहो, पण ऑपरेशन करून घ्या ना! अर्ध्या तासाचं काम," मी म्हटलं.

"आणि नवं भिंग बसवल्यावर रंग कसा दिसेल, मॅडम? कोण सांगेल? पंचवीस वर्षं ज्या डोळ्यांनी सही केली ते डोळेच काढून टाकायचे? आता दिसतंय ते चुकीचं असेल. पण कसं चुकीचं आहे, ते तरी आता मला माहीत झालंय."

मला रडू आलं. मी टाकीकडे बघायचं टाळत होते. आप्पांनीच तिकडे मान वळवली.

"खरंच पांढरी आहे?"

जिग्नेशभाईंनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे.

"पांढरी शे," वहिनी म्हणाल्या.

आप्पा उठले आणि लाईट कमी केली. बटण सापडायला त्यांना दोनदा चाचपावं लागलं. त्या दिवशी जिग्नेशभाईंनी हिऱ्यांच्या चिमट्यानं कोरलचे जिवंत राहिलेले चार तुकडे सोडवले, आणि आम्ही तिघांनी ते डब्यांतून आपापल्या टाक्यांत नेले.

*

त्या 'पांढरी शे'नंतर ऑपरेशनला आप्पा तयार झाले, पण डॉक्टरांचा घाम काढूनच. वहिनींबरोबर मीही सोबत होते. डॉक्टर म्हणाले, "काका, दोन प्रकारची भिंगं आहेत. एक अगदी स्वच्छ, एक किंचित पिवळसर छटेचं."

'छटा' शब्द ऐकला मात्र, आप्पा खुर्चीत पुढे सरकले.

"किती पिवळसर?"

"अगदी किंचित."

"किंचित म्हणजे हळदीकडे जाणारा की लिंबाकडे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"आणि दोन्ही डोळ्यांची भिंगं एकाच लॉटची येतील का? उजवा आज करायचा, डावा महिन्यानं. मधे लॉट बदलला तर?"

"काका," डॉक्टर हात जोडून म्हणाले, "भिंग आहे ते! ओढणी नाही!"

आप्पांनी स्वच्छ भिंग निवडलं. निवडायच्या आधी दोन्ही डब्या मागून घेतल्या, आणि त्या वहिनींना खिडकीपाशी नेऊन दाखवल्या.

*

उजव्या डोळ्याचं झालं. मिलमध्ये 'ताप' म्हणून कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि त्याच सकाळी आम्ही तिघं उधन्याला पोचलो. तिघांच्याही डोक्यात एकच. दिसलं, आणि वेगळंच दिसलं तर?

आप्पा काळा चष्मा लावून टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले होते. आमची वाट बघत थांबले होते म्हणे. आम्ही बसल्यावर त्यांनी चष्मा काढला.

मग एक बोट काचेकडे गेलं. "क्लाऊन माशाच्या पट्ट्याला निळी कड शे," आप्पा म्हणाले. आमच्याशी ते कधी अहिराणी बोलत नाहीत. "इतलं निळं!"

सरांनी सुटकेचा श्वास टाकला. पण आप्पांची नजर पुढे सरकली होती. डावीकडचा दगड, मधला दगड, वरची कपार. जिथे जांभळं होतं तिथे हाडं. जिथे केशरी होतं तिथेही हाडं. एका कोपऱ्यात हिरव्या कोरलचा रुपयाएवढा ठिपका तेवढा शिल्लक.

"हे सगळं मी केलं," आप्पा म्हणाले.

"आमच्याकडचे चारही तुकडे धरलेत, आप्पा," मी म्हटलं. "माझ्याकडचा तर वाढतोय." त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात बेल वाजली. मिलचा माणूस पाकीट देऊन गेला. माल अर्जंट आहे, मास्टरना तापातच दोन मिनिटं नजर टाकायला सांगा. आत मोरपंखी कापडाचे तीन तुकडे. एक पार्टीचा नमुना, आणि दोन आपले, त्यातला एक पास करायचा. मला विचाराल तर तिन्ही एकसारखे!

वहिनी सवयीनं हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या होत्या. आप्पांनी तुकडे खिडकीकडे धरले. क्षणभरच. त्यांचा चेहरा मी बघत होते. भुवया वर गेल्या, आणि ओठाचा कोपरा हलला.

वहिनींनीही ते बघितलं. त्या हसल्या. "चला," म्हणाल्या, "आते तुमले दिखस. माले पोया करना शेतस." आणि आत जायला वळल्या.

"कमल."

त्या थांबल्या. आप्पांनी डावा तळहात उचलला आणि ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्यावर झाकण घातल्यासारखा धरला; उघडा राहिला तो मोतीबिंदूचाच. दुसऱ्या हातानं तुकडे पुढे केले.

"हाई का हाई?"

वहिनी त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. मग तुकडे घेऊन खिडकीशी गेल्या. नमुन्यावर एक ठेवला, काढला, दुसरा ठेवला. उन्हात धरले, सावलीत धरले. एवढा वेळ त्यांनी चार महिन्यांत कुठल्याच लॉटला लावला नसेल.

"डावं," त्या म्हणाल्या.

आप्पांनी पेन मागितलं आणि डोळ्यावरचा हात न काढता डाव्या तुकड्यावर सही केली.